मोबाईलचा भार आणि वायफाय : एक आर्थिक विचार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या काठावर उभे राहून कोणी घरी फोन लावून पाहिला आहे काय? नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवलेले असते, एका काठावर पांढुर्ण्याची मंडळी, दुसऱ्या काठावर सावरगावची, आणि दोन्हीकडे गोटमार पाहावयास आलेला अफाट जनसमुदाय. मोबाईलच्या पडद्यावर टॉवरच्या सर्व रेघा उभ्या दिसतात, म्हणजे संकेत उत्तम आहे. तथापि फोन काही लागत नाही. एके वर्षी आमच्या शेजारच्या मावशींचा मुलगा असाच नदीवर गेला होता. दुपारी कोणीतरी आवई उठविली की त्याला दगड लागला. मावशी दोन तास फोन लावीत बसल्या. मुलगा संध्याकाळी धडधाकट घरी परतला खरा, परंतु ते दोन तास त्या माउलीने कसे काढले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

शाळा भरल्यावर वर्गात ही गोष्ट निघाली, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, टॉवर तर रोजचाच आहे, मग त्याच दिवशी तो आंधळा का होतो?" प्रश्न मोठा मार्मिक होता. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. विद्युल्लहरींचे गणित आमच्या आवाक्यातले नव्हे. परंतु त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर अर्थशास्त्रात आहे आणि ते शास्त्र आम्ही थोडेबहुत शिकलो आहोत. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम टॉवरचे सामर्थ्य म्हणजे काय ते पाहू. टॉवर आणि आपला मोबाईल यांच्यामध्ये तार नाही. हवेतील लहरींच्या एका ठराविक पट्ट्यातून सर्व माहिती ये-जा करते. पट्टा जेवढा रुंद तेवढी माहिती अधिक. 4जी पद्धतीत 20 मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यातून, जवळचे आणि दूरचे ग्राहक एकत्र धरून, ढोबळ मानाने सेकंदाला 30 मेगाबिट माहिती जाते असे समजू. टॉवरच्या सामान्यतः तीन दिशा असतात, तेव्हा एकूण 90 मेगाबिट झाले. साधा चित्रपट मोबाईलवर पाहावयाचा तर सेकंदाला सुमारे 1 मेगाबिट लागतो. म्हणजे एका टॉवरखाली एका वेळी नव्वद माणसे चित्रे पाहू शकतील. एक्याण्णवावा आला की सर्वांचाच वेग मंदावणार. कंपन्यांपाशी पट्टे एकाहून अधिक असतात आणि 5जी आल्यापासून सामर्थ्य वाढले आहे, हे खरे. पण हजारो माणसे एका नदीच्या दोन काठांवर उभी राहून तोच देखावा आपापल्या गावी दाखवू लागली, तर वाढलेले सामर्थ्यही अपुरे पडते. रेघा दिसतात त्या संकेताच्या. गर्दी किती आहे हे त्या रेघा सांगत नाहीत.

आता अर्थशास्त्राकडे वळू. टॉवर एकदा उभारला की त्यातून एक फोन गेला काय किंवा शंभर गेले काय, कंपनीचा खर्च फारसा बदलत नाही. पहाटे तीन वाजता पाठविलेल्या चित्राचा जादा खर्च जवळजवळ शून्य असतो. परंतु सायंकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, जेव्हा सर्व गाव जेवून मोबाईल हाती घेते, तेव्हा एकेका जादा ग्राहकासाठी नवी यंत्रसामग्री उभारण्याची पाळी येते. म्हणजे खर्च ठरतो तो एकूण वापरावरून नव्हे, तर गर्दीच्या घटकेवरून. ही गोष्ट आजची नव्हे. कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनीत काम करणारे गणितज्ञ आग्नर एर्लांग यांनी 1909 साली टेलिफोनच्या गर्दीचे गणित मांडले. किती तारा ठेवल्या असता किती ग्राहकांना ताटकळावे लागेल, हा त्यांचा प्रश्न. आज त्यांच्याच नावाने टेलिफोनच्या भाराचे माप ओळखले जाते.

आपल्याकडील संत्र्याच्या बागाईतदारास हे समजावून सांगावे लागणार नाही. आंबिया बहर आणि मृग बहर असे दोन हंगाम. त्या काळात तोडणीला माणसे मिळत नाहीत, ट्रक मिळत नाहीत, आणि बाकीचे महिने पेट्या कोपऱ्यात पडून असतात. फरक एवढाच की ट्रक हंगामापुरता भाड्याने आणता येतो. टॉवरही चाकांवर घालून कुंभमेळ्यासारख्या ठिकाणी नेतात, नाही असे नाही. पण रोज सायंकाळच्या गर्दीसाठी गल्लोगल्ली ते कोण नेणार?

गर्दीवर उपाय तीन. पहिला, लहरींचा आणखी पट्टा विकत घेणे. तो सरकारकडून लिलावात घ्यावा लागतो आणि त्याची किंमत डोळे पांढरे करणारी असते: 2022 सालच्या लिलावात सर्व कंपन्यांनी मिळून 1,50,173 कोटी रुपयांच्या बोली लावल्या. हा पैसा शेवटी रिचार्जातूनच वसूल व्हावयाचा. दुसरा उपाय म्हणजे टॉवर जवळजवळ उभारणे. त्यात जागेचे भाडे, वीज, डिझेल आणि तारेचे जाळे यांचा खर्च. तिसरा उपाय म्हणजे मोबाईलवरचा भार उचलून दुसऱ्या वाटेवर घालणे. ती दुसरी वाट म्हणजे घरातील, दुकानातील किंवा स्टेशनावरील वायफाय.

वायफायच्या लहरींना लिलाव नाही. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने 1985 साली काही पट्टे परवान्यावाचून वापरण्यास मोकळे केले. 1997 साली या पद्धतीचे पहिले सर्वमान्य मानक ठरले. आपल्या देशात 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा 2005 साली, आणि 5 गिगाहर्ट्‌झचा बराच मोठा भाग 2018 साली परवानामुक्त झाला. अट एकच की शक्ती मर्यादित ठेवावयाची. त्यामुळे वायफायचा पल्ला काही दहा-वीस मीटरांचाच राहतो, भिंत आडवी आली तर त्याहूनही कमी. प्रथमदर्शनी हे वैगुण्य वाटते. परंतु विचार केला तर सारी किमया याच आखूडपणात आहे! टॉवरचा पट्टा अख्ख्या वस्तीला वाटून घ्यावा लागतो. वायफायचा तोच पट्टा या घरात एकदा, चार घरे सोडून पुन्हा एकदा, पलीकडच्या गल्लीत आणखी एकदा, असा शंभर वेळा वापरता येतो. आवाज लहान ठेवला की एकाच धर्मशाळेत पन्नास कुटुंबे आपापसांत बोलू शकतात. एकाने कर्णा लावला की बाकीच्यांनी गप्प बसावे.

आमची मातृभाषा कोंकणी. आमच्याकडे विहिरीला 'बांय' म्हणतात, आणि नळ आले तरी परसातील बांय कोणी बुजवीत नसे. नळाला पाणी येण्याची वेळ सर्वांची एकच, रांगही एकच. बांय मात्र आपली. धुणे, गुरे, माड यांचे पाणी बांयीवर, आणि पिण्यापुरती कळशी नळाखाली, अशी आमच्या आजीची विभागणी होती. मोबाईलचा भार वायफायवर घालणे म्हणजे याहून निराळे काही नाही. एक सावधगिरी मात्र येथेच सांगितली पाहिजे. विहिरीला झरा लागतो. वायफायला तारेचा लागतो. वायफायचा डबा स्वतः माहिती निर्माण करीत नाही, काचतंतूच्या म्हणजे फायबरच्या तारेतून आलेली माहिती तो खोलीभर शिंपडतो एवढेच. ज्या गावी फायबर पोहोचली नाही तेथे वायफायचा डबा आणून काही उपयोग नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने 2011 साली मंजूर केली आणि तीच पुढे भारतनेट या नावाने चालू राहिली, तिचे महत्त्व यात आहे.

परदेशात या उपायाचा मोठा गाजावाजा झाला तो 2010 च्या सुमारास. अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीने आयफोन विकला, महिन्याला ठराविक रक्कम घेऊन हवा तेवढा डेटा दिला, आणि न्यूयॉर्कसारख्या शहरात तिचे जाळे गर्दीने कोंडले. कंपनीने 2008 साली 27 कोटी 50 लाख डॉलर देऊन वेपोर्ट नावाची वायफाय चालविणारी कंपनी आधीच विकत घेतली होती. मे 2010 मध्ये तिने टाइम्स स्क्वेअर या अतिगजबजलेल्या चौकात आपल्या ग्राहकांना वायफाय फुकट खुले केले. फुकट का? औदार्य म्हणून नव्हे. ग्राहकाकडून मिळणारी रक्कम ठरलेली. तो टॉवरवरून उठून वायफायवर गेला तर उत्पन्न तेवढेच आणि खर्च कमी. हाच डेटा जर मोजून विकला जात असता, तर तीच कंपनी ग्राहकाला वायफायकडे फिरकूही न देती. सिस्को कंपनीच्या अंदाजाप्रमाणे 2017 साली जगातील मोबाईलधारी यंत्रांच्या वापरापैकी 54 टक्के भार अशा रीतीने टॉवरवरून उतरून स्थिर तारांवर गेला होता.

आपल्या देशात मात्र गंगा उलटी वाहिली. रेल्वेच्या रेलटेल कंपनीने गूगलच्या साह्याने जानेवारी 2016 मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर फुकट वायफाय सुरू केले. जून 2018 पर्यंत अशी 400 स्थानके झाली. केरळात एर्नाकुलम स्थानकावरील एक हमाल ओझी वाहता वाहता कानाला लावलेल्या मोबाईलवर या वायफायने अभ्यास करून लोकसेवा आयोगाच्या लेखी परीक्षेत उतरला, ही वार्ता 2018 साली देशभर गाजली. महाराष्ट्र शासनाने जानेवारी 2017 मध्ये मुंबईत 500 ठिकाणी वायफाय उघडले. परंतु त्याच सुमारास, 5 सप्टेंबर 2016 रोजी, जिओचे आगमन झाले होते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या अहवालानुसार 2014 साली एका जीबीचा सरासरी खर्च 269 रुपये होता, तो 2018 साली 11 रुपये 78 पैशांवर आला. ज्याच्या खिशातच स्वस्त डेटा तो स्टेशनावर संकेतशब्द टाकीत कशास बसेल? फेब्रुवारी 2020 मध्ये गूगलने या योजनेतून अंग काढून घेतले, आणि मोबाईलचा डेटा स्वस्त झाल्याचे कारण स्पष्ट सांगितले. रेलटेलने मात्र ते काम पुढे हजारो स्थानकांपर्यंत नेले. राष्ट्रीय धोरणात 2022 पर्यंत एक कोटी सार्वजनिक वायफाय केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट 2018 साली लिहिले गेले. त्याच्या जवळपासही देश पोहोचला नाही.

येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपल्या रिचार्जात रोजचा दीड किंवा दोन जीबी डेटा मिळतो आणि रात्री बारा वाजता उरलेला सर्व मावळतो. म्हणजे ग्राहकाच्या दृष्टीने त्या मर्यादेपर्यंतचा डेटा फुकट. न वापरला तर तोटा. म्हणून तो रात्री साडेनऊला, ऐन गर्दीत, निष्कारणच चित्रे पाहत बसतो. ज्या घटकेला कंपनीचा खर्च सर्वांत जास्त, त्याच घटकेला ग्राहकाची किंमत शून्य. वस्तूची किंमत आणि तिचा खर्च यांची अशी फारकत झाली की उधळपट्टी होणारच. सकाळी ताजी भाजी आणि दिवेलागणीला शिळी भाजी एकाच भावाने विकणारा भाजीवाला सौंसरच्या बाजारात एक दिवस तरी टिकेल काय?

आता घरचा हिशोब. हा आम्ही दहावीच्या वर्गाकडून फळ्यावर करवून घेतला, तेव्हा आकडे गृहीत धरलेले आहेत, पण आपल्या परिसरातील कुटुंबाच्या अनुभवाला धरून आहेत. रिचार्ज 28 दिवसांचा. वर्षाचे महिने बारा, पण 28 दिवसांचे रिचार्ज तेरा! हे कित्येक पालकांच्या लक्षात येत नाही. एका वेळचे 300 रुपये धरले तर एका मोबाईलचे वर्षाला 3,900, आणि चार मोबाईलांचे 15,600 रुपये. घरी फायबरची तार घेतली, महिना 500 रुपये आणि त्यावर 18 टक्के कर, म्हणजे 590, वर्षाचे 7,080. ही रक्कम रिचार्जावर निव्वळ जादा पडली तर घरखर्च 22,680 वर जातो. ती वसूल कधी होईल? प्राधिकरणाने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना डेटा वगळून केवळ बोलण्याचे व संदेशांचे रिचार्ज ठेवणे भाग पाडले. असा रिचार्ज वर्षाला 1,800 रुपयांना पडतो असे समजू. एका मोबाईलमागे 2,100 वाचले. आई आणि आजोबा बहुधा घरीच असतात, त्या दोघांचे बदलले तर बचत 4,200. तारेचे 7,080 त्यातून निघत नाहीत. चौघांचेही बदलले तर बचत 8,400, म्हणजे वर्षाकाठी 1,320 रुपये शिल्लक. पण मग उंबरठ्याबाहेर पाऊल टाकताच चौघांचाही डेटा बंद.

वर्गाला हे उत्तर आवडले नाही. वायफाय घेतले की पैसे वाचतात असे त्यांनी ऐकले होते. परंतु हिशोब आवडीनिवडी पाहत नाही. पाच माणसांचे घर, दोन मुले शिकणारी, तास-तासभर पाठ पाहणारी, अशा कुटुंबास तारेचा लाभ पैशात नव्हे तर विपुलतेत मिळतो. तो मोठा आहे, यात शंका नाही. जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात टॉवरचा संकेत पोहोचत नाही तेथे 2019 च्या अखेरीपासून वायफायवरून साधा फोनही करता येऊ लागला, हाही लाभच. मात्र बागेत तोडणीला रोजंदारीवर जाणाऱ्या कुटुंबाला 590 रुपये महिना परवडणार नाहीत, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. शिवाय या व्यवहारात आणखी एक गंमत आहे. आपण आपल्या पैशाने घरी तार घेतो, आपल्या विजेवर डबा चालवितो, आणि टॉवरचा भार हलका होतो तो कंपनीचा. त्या उपकाराबद्दल ती आपले रिचार्ज कमी करीत नाही. जुलै 2024 मध्ये तर मोठ्या खासगी कंपन्यांनी एकापाठोपाठ एक दर वाढविले.

मग ज्याला घरी तार परवडत नाही त्याने काय करावे? केंद्रीय मंत्रिमंडळाने 9 डिसेंबर 2020 रोजी पीएम-वाणी नावाची योजना मंजूर केली. तिचा गाभा असा: चहावाला, किराणावाला किंवा कोणीही दुकानदार परवाना न काढता, शुल्क न भरता आपल्या दुकानातून वायफाय विकू शकतो. ग्राहकांची ओळख पटविणे, पैशाचा हिशोब ठेवणे ही कामे दुसरी संस्था करते आणि आपला वाटा घेते. पूर्वी गावोगावी पिवळ्या रंगाचे एसटीडी-पीसीओ होते, तसाच हा प्रकार. कल्पना सुरेख; परंतु पहिली काही वर्षे ती तारेच्या दरावर अडली. कंपन्या दुकानदाराला घरगुती दराने तार देण्यास राजी नव्हत्या, व्यापारी दराची खास तार घ्या म्हणत, आणि तिचा दर घरगुती तारेच्या कित्येक पट. शेवटी प्राधिकरणाने जून 2025 मध्ये आदेश काढला की 200 मेगाबिटपर्यंतची तार अशा दुकानदारास घरगुती दराच्या दुपटीहून अधिक दराने देता येणार नाही.

दुपटीचा हा आकडा आमच्या फळ्यावर उतरला तो एका विद्यार्थिनीमुळे. तिच्या घरी मोबाईल एकच, तो वडिलांबरोबर कामावर जातो. ते परतले की ती मोबाईल घेऊन बाजारातील एका दुकानाच्या पायरीवर बसते, कारण त्या दुकानदाराने तिला आपला संकेतशब्द सांगून ठेवला आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज तिने त्याच पायरीवर भरला. एका सायंकाळी आम्ही तेथून जात असता तिला पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला गणित घातले: हा दुकानदार सर्वांनाच पाच रुपयांत दिवसभर वायफाय देईल तर त्यास परवडेल काय? घरगुती तार 590 ची, तिच्या दुप्पट 1,180. पाच रुपयांतील दीड रुपया हिशोब ठेवणाऱ्या संस्थेला गेला असे धरले तर दुकानदाराच्या हाती साडेतीन. डब्याला 10 वॉट वीज, म्हणजे महिन्याला 7.2 युनिट, सुमारे 50 रुपये. एकूण 1,230 भागिले साडेतीन, 352 कूपने, दिवसाला बारा. व्यापारी दराची तार महिना 20,000 रुपयांची धरली असती तर हेच उत्तर दिवसाला एकशे एक्क्याण्णव आले असते. पायरीवर एकशे एक्क्याण्णव माणसे बसावयास जागा तरी कोठे आहे?

हा कागद घेऊन मुले आणि आम्ही त्या दुकानदारांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "हिशोब त बराबर हाय जी सर, पण लाईट गेल्यावर?"

प्रश्न बिनतोड होता. टॉवरखाली बॅटऱ्या असतात. वीज गेली तरी तो काही तास चालतो. वायफायचा डबा त्याच क्षणी मरतो, आणि गल्लीत फायबर वाटणाऱ्या पेटीलाही वीज लागते ती वेगळीच. आम्ही विजेच्या सामानाच्या दुकानात चौकशी केली. डब्यापुरती लहान बॅटरी दीड हजारांच्या आसपास मिळते आणि तीन-चार तास निभावते. ती रक्कम वर्षभरात वसूल करावयाची म्हणजे महिन्याला 125 रुपये आणखी. मुलांनी बेरीज पुन्हा केली: 1,355 भागिले साडेतीन, 388 कूपने, दिवसाला तेरा. दुकानदारांनी तो नवा कागद गल्ल्यात ठेवून घेतला आहे. दिवाळीपर्यंत सांगतो म्हणाले. तूर्त संकेतशब्द पूर्वीचाच आहे आणि पायरीवर बसणारी मुले आता तीन झाली आहेत.